कबड्डीसाठी कॅमेरा घ्यायचाय? आधी लेन्सचं बोलू, बॉडीचं नंतर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तुझ्याकडे निकॉन डी ३५०० आहे, त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० एमएमच्या लेन्सा आहेत (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), गावातल्या नि तालुक्यातल्या कबड्डी स्पर्धांचे फोटो काढतोस, दिवसाचे बरे येतात पण रात्रीचे सगळे एकतर हललेले नाहीतर दाणेदार. बजेट दीड लाखाच्या आत, आणि दुकानदार म्हणतोय कॅनन आर १० घे १८-१५० लेन्सबरोबर. दादा म्हणून विचारलंस म्हणून मीही अरेतुरे करतोय, राग मानू नको.

आर १० वाईट कॅमेरा नाहीये, अजिबात नाही. पण १८-१५० लावून तो रात्रीच्या मॅटवर घेऊन गेलास तर फोटो जवळपास तेच येतील जे आज येतायत, फक्त सेकंदाला पंधरा येतील. आता पाच हललेले घरी आणतोस, मग पंधरा आणशील.

आधी माझा गाढवपणा सांगतो. मी सुरुवात केली तेव्हा क्रिकेटच्या स्टेडियममध्ये पेपरवाले फोटोग्राफर तोफेएवढ्या लेन्सा घेऊन बसलेले बघितले होते, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं की स्पोर्ट्स म्हणजे लांब लेन्स. साठवलेले सगळे पैसे घालून १५०-६०० घेतली आणि ती घेऊन अलिबागकडच्या एका रात्रीच्या स्पर्धेला गेलो. लेन्स १५० वर, म्हणजे तिच्या सगळ्यात आखूड टोकाला, आणि तरी फ्रेममध्ये काय, तर चढाईपटूची छाती आणि बनियनवरचा नंबर. एफ ५ च्या पुढचं अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते बारीक), हॅलोजनचे चार खांब, आयएसओ (उजेड कमी पडला की वाढवायचा आकडा, वाढवला की दाणे येतात) शेवटच्या आकड्याला टेकलेला. शेजारी एक लोकल पेपरचा माणूस साध्या ८५ वर शूट करत होता, त्याने माझी लेन्स बघितली आणि विचारलं, "पक्षी काढायला आलात का?" तीन सीझन ती लेन्स कपाटात पडून होती.

तर कबड्डी लांब नसते, कबड्डी अंधारात असते, एवढं धरून चाललास की पुढची सगळी खरेदी सरळ होते.

लांबीचं गणित आधी करू. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. म्हणजे पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून तुझ्या बाजूची शेवटची रेषा साडेसहा मीटर. आपण बसतो त्या शेवटच्या रेषेमागे साधारण दोन मीटर सोडून, कोपऱ्याच्या जरा आत. (बाजूने बसू नको, तिथे पंच आणि आयोजकांचे पाहुणे यांच्या पाठी मिळतात, बाकी काही नाही.) तिथून मध्यरेषा साडेआठ मीटर, निदान रेषा (चढाईपटूला ओलांडावी लागते ती) पावणेपाच मीटर, आणि समोरच्या अर्ध्यातली निदान रेषा सव्वाबारा मीटर. म्हणजे जे काही घडायचंय ते तीन मीटर ते बारा-तेरा मीटरच्या मधे घडतं. यात ३०० चं काम कुठे आहे सांग.

आता यातली खरी गंमत. चढाया आलटून पालटून होतात, एक तुझ्याकडे येणारी, एक तुझ्यापासून लांब जाणारी. सगळ्या नवीन पोरांना वाटतं की तुझ्याकडे येणारी चढाई म्हणजे फोटो, कारण चेहरा दिसतो. दिसतो, बरोबर. कॉर्नरला, म्हणजे कोपऱ्यातल्या बचावपटूला, मारलेला हात, टो टच (पायाच्या बोटाचा स्पर्श), उडी, हे सगळं त्या चढाईत मिळतं. पण त्याच चढाईत पकड झाली की चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, म्हणजे तुझ्याकडे पाठ करून. उलट लांबच्या अर्ध्यात चढाईला गेलेला खेळाडू पकडला गेला की तो परत येण्यासाठी तुझ्याच दिशेने अंग टाकतो, हात मध्यरेषेकडे ताणलेला, मागे पायाला एक, कमरेला एक, वरून दोघं, आणि चेहरा सरळ तुझ्या लेन्समध्ये. कबड्डीचे जे फोटो लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात त्यातले बरेचसे हे असतात, आणि ते नऊ ते बारा मीटरवरून काढलेले असतात.

म्हणजे तुला दोन अंतरं सांभाळायची आहेत. तुझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ८५ एमएमची लेन्स दहा मीटरवर साधारण पावणेतीन मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच जागा दाखवते, चार माणसांची झटापट त्यात नेमकी बसते. जवळच्या चढाईला, पाच मीटरवर, ५० एमएम आडव्या फ्रेममध्ये सव्वादोन मीटरच्या वर थोडी रुंदी आणि दीड मीटर उंची देते, म्हणजे उभा माणूस पूर्ण बसत नाही, कॅमेरा उभा धरावा लागतो किंवा कमरेच्या वरचं काढावं लागतं. ते आवडत नसेल तर ३५ घे. आणि हे माझ्यावर विश्वास ठेवून करू नकोस, तुझ्याकडे दोन्ही झूम आहेतच, एखाद्या दुपारच्या प्रॅक्टिसला जा, १८-५५ आधी ३५ वर मग ५० वर ठेव आणि हात लावू नको, ७०-३०० ची ८५ वर ठेव आणि हात लावू नको, अर्धा अर्धा तास शूट कर. कुठली लेन्स हवी ते फुकटात कळेल.

आता उजेड. मंडळाच्या स्पर्धेत, चांगले एलईडी लावले असले तरी, माझा अनुभव असा की एफ २.८ वर शटर १/१००० सेकंदाचा धरायचा तर आयएसओ ६४०० च्या आसपास जातो. काही ठिकाणी त्याहून वाईट. (वरळीचा डोम किंवा बालेवाडीत प्रो कबड्डीचा उजेड बघून फसू नको, तो टीव्हीसाठी लावलेला असतो.) तुझी ७०-३०० पूर्ण झूम केली की एफ ६.३ होते. २.८ पासून ६.३ म्हणजे दोन स्टॉपच्या वर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे तोच फोटो काढायला आयएसओ ३२००० लागेल, आणि डी ३५०० चा आयएसओ संपतोच २५६०० ला. मग कॅमेरा बिचारा काय करतो, ऑटोवर असला तर शटर खाली आणतो, १/२००, १/१६०, आणि फोटो हलतो. तुझा हात हलत नाहीये रे, खेळाडू हलतोय.

याच जागी एफ १.८ ची लेन्स लावली तर ६.३ च्या तुलनेत बारा पट उजेड आत येतो. तोच १/१०००, आयएसओ २५०० च्या आसपास. तोच कॅमेरा, तीच रात्र. दीड लाखाची बॉडी बदलून हा फरक मिळत नाही, ५० एफ १.८ सारख्या सगळ्यात स्वस्त प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सने मिळतो.

म्हणून पहिली खरेदी: निकॉनची ८५ एफ १.८ जी आणि ५० एफ १.८ जी. इथे एक खड्डा आहे तो बघून चाल. तुझ्या डी ३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. सेकंड हॅण्ड बाजारात ८५ एफ १.८ डी आणि ५० एफ १.८ डी बऱ्याच स्वस्त मिळतात, दुकानदार "निकॉनची आहे, लागते" म्हणून देतो, लागते खरी पण ऑटोफोकस होत नाही, कारण तिला बॉडीतल्या मोटरनेच फिरवावं लागतं. नावात "एएफ-एस" असलेलीच घे, शेवटी "जी" असतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने डी घेतली आणि अख्खी स्पर्धा हाताने फोकस मारत काढली. सहा फोटो शार्प आले त्याचे. त्यातला एक खरंच भारी होता, ते सोड.

सेटिंगचं थोडं. मोड मॅन्युअल, शटर १/१०००, अपर्चर २ ते २.५, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा १२८०० ला बांधून. अपर्चर १.८ लाच का नाही, तर ८५ वर सहा मीटरला एफ १.८ ने जेमतेम पस्तीस-छत्तीस सेंटीमीटर खोली शार्प राहते, चढाईपटूचा चेहरा लागला तर पकड करणाऱ्याचा जातो. ५० वर तेवढ्याच अंतराला जवळपास एक मीटर मिळते, तिथे १.८ बिनधास्त वापर. चढाईपटू नुसता हुलकावण्या देत उभा असेल तर १/६४० पण पुरतो, डुबकी आणि उडीला १/१२५० करावा, पण सामन्यात कोण बदलत बसतंय, १/१००० वर ठेव आणि विसर. दाणे आले तर आले. दाणेदार पण शार्प फोटो मंडळवाले फ्लेक्सवर छापतात, स्वच्छ पण हललेला कोणी छापत नाही.

फ्लॅश काढूच नको. चढाईत असलेल्या माणसाच्या डोळ्यात फ्लॅश मारला तर पंच उठवतील, आणि पंचांच्या आधी दुसरं कोणीतरी उठवेल.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही आणि जिच्यामुळे मी दोन वर्षं कॅमेऱ्यालाच दोष देत होतो. बर्स्ट मारली, म्हणजे बटण दाबून सलग फोटो काढले, की एक फोटो छान उजळ, पुढचा काळवंडलेला आणि पिवळट, त्याच्या पुढचा परत बरा. सेटिंग काहीच बदललेलं नाही. कारण असं की आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला कळत नाही, पण १/१००० चं शटर त्या लाटेचा एक छोटासा तुकडाच उचलतं, कधी माथा मिळतो कधी तळ. जुने मेटल हॅलाइड आणि स्वस्त ड्रायव्हरचे एलईडी यात सगळ्यात वाईट. यावर उपाय कॅमेऱ्यात असतो, अँटी फ्लिकर किंवा फ्लिकर रिडक्शन नावाचा, तो दिव्याची लाट ओळखून माथ्यालाच शटर सोडतो. कॅननने तो ७ डी मार्क २ मध्ये २०१४ ला आणला, निकॉनच्या डी ५०० मध्ये आहे, आजच्या बहुतेक मधल्या किमतीच्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) आहे. डी ३५०० मध्ये फोटोसाठी तो नाही. म्हणून तुला बॉडी बदलायची असेल तर बदलायचं पहिलं कारण हे, मेगापिक्सेल नव्हे.

आणि मिररलेस घेतलास तर सायलेंट शटरच्या मोहात पडू नको. बॉक्सवर लिहिलेलं असतं सेकंदाला ३०, सेकंदाला ४०, ते इलेक्ट्रॉनिक शटरवर. साध्या सेन्सरमध्ये तो सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि जोरात फिरलेला हात केळ्यासारखा वाकतो. स्टॅक्ड, म्हणजे फार झटकन वाचल्या जाणाऱ्या, सेन्सरवाले, जसे सोनी ए ९, निकॉन झेड ८, झेड ९ वगैरे, यात बरेच सुटतात, आणि सोनीने ए ९ मार्क ३ मध्ये ग्लोबल शटर देऊन ते ओळीओळीचं वाचन बंदच केलं, पण ते सगळं आपल्या बजेटच्या बाहेरचं बोलणं आहे. साध्या बॉडीवर मेकॅनिकल शटर वापर, खटखट झाली तर होऊ दे, कबड्डीच्या मैदानात ढोल वाजत असतो, तुझं शटर कोणाला ऐकू जाणारे.

फोकसबद्दल. डी ३५०० मध्ये ११ पॉइंट आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), म्हणजे अंधारात विश्वास ठेवण्यासारखा तोच एक. तर मधला पॉइंट निवड, एएफ-सी (सतत चालणारं फोकस) वर ठेव, आणि मेनूत जाऊन एई-एल बटणाला एएफ-ऑनचं काम दे, म्हणजे फोकस अंगठ्याने आणि शटर बोटाने. पहिले दोन सामने हात गोंधळेल, नंतर याच्याशिवाय जमणार नाही. याचा फायदा असा की मधे पंच आडवा आला, अंगठा उचलायचा, फोकस होता तिथेच थांबतो, पंच गेला की परत दाबायचा. नाहीतर पंचाच्या पाठीवर कडक फोकस लागलेले शेकडो फोटो घरी आणशील, माझ्याकडे आहेत. मधल्या पॉइंटमुळे सगळे फोटो मधेच माणूस असलेले येतात, म्हणून जरा सैल फ्रेम धर, नंतर कापायला २४ मेगापिक्सेल आहेत.

मिररलेसमधलं चेहरा ओळखणारं फोकस कबड्डीला कसं चालतं असं बरेच जण विचारतात. जवळच्या चढाईला बचाव करणाऱ्या सातही जणांच्या पाठी तुझ्याकडे आणि चढाईपटूचा एकट्याचा चेहरा, त्यामुळे वाटतं की सोपं आहे. पण त्याच्या मागे, पलीकडच्या अर्ध्यात, त्याचेच सहा साथीदार तुझ्याकडे तोंड करून उभे असतात, आणि त्यांच्या मागे प्रेक्षक. चढाईपटूने मान खाली घातली की कॅमेरा उडी मारून मागच्याला पकडतो. म्हणून मिररलेसवर पण आख्खी फ्रेम कॅमेऱ्याच्या हवाली करायची नाही, छोटा झोन ठेवायचा आणि त्या झोनपुरतंच चेहरा ओळखणं चालू ठेवायचं.

बरं, बॉडी. माझं सरळ मत, सेकंड हॅण्ड डी ५०० बघ. २०१६ चा कॅमेरा, आता बनत नाही, पण सेकंदाला १०, फोकसचे १५३ पॉइंट आणि ते जवळपास फ्रेमच्या कडेपर्यंत पसरलेले, फ्लिकर रिडक्शन आहे, आणि चांगल्या कार्डावर २०० रॉ फोटो (सेन्सरच्या कच्च्या, मोठ्या फाइल) एका दमात घेतो. शिवाय बॉडीत मोटर आहे, त्यामुळे त्या स्वस्त डी लेन्सा आणि जुनी ८०-२०० एफ २.८ डी पण त्यावर ऑटोफोकससकट चालते. तुझ्या आत्ताच्या लेन्सा, आता घेशील त्या ८५ आणि ५०, सगळं लागतं. कॅननला गेलास तर लेन्सा परत पहिल्यापासून.

पण खोटं सांगत नाही, डी ५०० घेतल्याने नॉईज, म्हणजे दाणे, कमी होणार नाही. सेन्सर तुझ्या कॅमेऱ्याएवढाच. फोटो जास्त लागतील, फ्रेमिंग सुधारेल, काळे-पिवळे फोटो बंद होतील, पण दाणे तेच. नॉईज खरोखर कमी करायचा तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, तिथे साधारण एक स्टॉप आणि थोडा वर मिळतो. मग मात्र तुझी ८५ त्यावर रुंद होते, दहा मीटरवर सव्वाचार मीटर दिसायला लागतात, म्हणून १३५ किंवा ७०-२०० एफ २.८ लागते, आणि बजेट संपतं. कॅनन आर ६ सेकंड हॅण्ड, त्यावर अडॅप्टर लावून जुनी ईएफ ७०-२०० एफ २.८, ही जोडी माझ्या मते आज पैशाच्या मानाने कबड्डीला सगळ्यात चांगली, पण ती तू दोन वर्षांनी घे, चार स्पर्धांचे पैसे मिळाले की.

डी ३५०० विकू नकोस, हे मात्र कान देऊन ऐक. त्याला येऊन येऊन किती येणार? त्यापेक्षा डी ५०० वर ८५, लांबच्या चढाईला, आणि डी ३५०० वर ५० किंवा ३५, मांडीवर ठेवलेला, जवळच्या चढाईला. चढाई ३० सेकंदांची, तेवढ्यात लेन्स बदलता येत नाही, कॅमेरा उचलता येतो. दुसरी बॉडी येईपर्यंत असं कर, पहिल्या हाफला ८५, दुसऱ्या हाफला ५०, आणि ज्या चढाया हुकतात त्या हुकू दे.

७०-२०० एफ २.८ बद्दल तू विचारलंच आहेस. चांगली लेन्स, सगळे म्हणतात ते खरंय. पण तुझ्या सेन्सरवर ७० सुद्धा जवळच्या चढाईला घट्ट होते, चार मीटरवर १.३ मीटर रुंदी, दोन माणसं बसत नाहीत. आणि २.८ म्हणजे १.८ पेक्षा सव्वा स्टॉप अंधार. झूमची सोय आहे, त्याची ही किंमत. पुढे फुल फ्रेमवर जाशील तेव्हा ती घे. घेताना व्हीआर किंवा आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) नसलेली जुनी मिळाली तरी चालेल, १/१००० वर हाताची थरथर दिसतच नाही, त्या सोयीचे पैसे कबड्डीला वाया आहेत. लग्नं पण करणार असशील तर गोष्ट वेगळी.

सेकंड हॅण्ड घेताना बघायचं काय. निकॉनला सोपं, कॅमेऱ्यातून काढलेल्या ताज्या जेपेगच्या माहितीतच शटर किती वेळा पडलंय तो आकडा असतो, डी ५०० चं शटर २ लाखांसाठी तपासलेलं आहे, ८०-९० हजार झालेला मिळाला तर बिनधास्त. कॅननच्या जेपेगमध्ये तो आकडा लिहिलेला नसतो, म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नको. लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मार आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की ती बुरशी. मी घाईत, दुकान बंद व्हायच्या वेळी, ट्यूबलाइटखाली बघून एक ७०-२०० घेतली होती, घरी येऊन टॉर्च मारला तर आत आख्खी कोकणची वनराई. दुकानदाराने परत घेतली नाही, दुकान कुठलं ते जाऊ दे. फोकस सतत पुढेमागे करून आवाज ऐक, जुन्या एएफ-एस मोटरी जायच्या आधी किरकिर करतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लेन्स बॅगेत ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं कर.

कार्डात कंजूषी नको. एका जिल्हा स्पर्धेच्या फायनलला शेवटच्या चढाईला मी आधीच्या पकडीवर भसाभस रॉ मारून बसलो होतो, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरला, कार्ड साधं होतं, लाल दिवा लुकलुकतोय आणि समोर पोरगा मध्यरेषेला बोट टेकवून जिंकला. एकही फोटो नाही. तेव्हापासून स्पर्धेला जेपेगच काढतो, फक्त उजेड फारच रंगीत असेल तर रॉ. जेपेगला व्हाईट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल) मात्र आधी हाताने लावून घे, नाहीतर मॅटचा हिरवा-निळा रंग खालून चेहऱ्यावर चढतो आणि ऑटो गोंधळतं. मंडळाला तसेही फोटो रात्रीच ग्रुपवर हवे असतात, डी ३५०० ब्लूटूथवरून २ मेगापिक्सेलचे फोटो मोबाईलला आपोआप टाकतो, व्हॉट्सॲपला तेवढे पुरतात.

थंडीतल्या रात्रीच्या स्पर्धा एक-दोन वाजेपर्यंत चालतात आणि बाराच्या पुढे दव पडायला लागतं. लेन्सची काच धुकट झाली की पुसून उपयोग नाही, परत येते, म्हणून हूड कायम लावून ठेव आणि सामना नसेल तेव्हा लेन्स आभाळाकडे तोंड करून ठेवू नको. हूडचा दुसरा उपयोग मला एकदा कळला, एक ब्याऐंशी किलोचा कव्हरचा बचावपटू लॉबीतून (मैदानाच्या कडेची पट्टी) घरंगळत थेट माझ्यावर आला, हूडचे दोन तुकडे झाले, काच वाचली, मी पण. म्हणून रेषेमागे दोन मीटर म्हणजे दोन मीटर, आयोजक पुढे बस म्हणाले तरी नाही.

क्रिकेटचं तू जाताजाता विचारलंयस. तिथे सगळं उलटं. बाउंड्रीवरून फलंदाज साठ-सत्तर मीटरवर, तुझ्या सेन्सरवर ६०० एमएम लावली तर कुठे त्याच्याभोवती पावणेतीन मीटरची फ्रेम मिळते, पण दिवसाचं ऊन असतं त्यामुळे एफ ६.३ सुद्धा चालतं. तिथे ती १५०-६०० किंवा निकॉनची २००-५०० एफ ५.६ कामाची. एकाच लेन्समध्ये दोन्ही खेळ करायचा विचार डोक्यातून काढून टाक. रात्रीच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांना तर लांबी पण हवी आणि उजेड पण नाही, तिथे मी स्टंपांकडे जातच नाही, बाद झाल्यावरचा जल्लोष ८५ ने काढतो.

मोनोपॉड घेऊ का म्हणालास, ८५ ला नको, उगाच पायात येतो. बॅग जुनीच चालेल. त्या पैशात व्हॉलीबॉलवाले घालतात तसे चांगले जाड नी-पॅड घे, चार तास मांडी घालून आणि गुडघ्यावर बसायचंय, शेतातल्या मैदानाचे खडे मॅटच्या बाहेरच असतात.